काटोल रोडवर हात सोडून

नागपूर,
१७ जानेवारी १९८६

चि. वसंतास,

दादाचे पोटभर आशीर्वाद घे, आणि सूनबाईला व दोन्ही पोरांना त्यातले वाटून दे. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या सुभद्रा वहिनीचे गुडघे थंडीत कुरकुर करतात, पण ती त्यांच्याहून जास्त करते, तेव्हा काळजीचं कारण नाही. तिकडे बर्फ किती साचला आणि धाकट्याचा खोकला गेला का, ते कळव. (शुद्ध लिहायचा प्रयत्न करून राहिलो आहे. तू लिहिलं होतंस की माझं पत्र मोठ्यानं वाचलं की पोरं ‘काहून’ या शब्दाला हसतात. हसू दे. पण काहून हसतात, ते एकदा विचार.)

तुझं मागचं पत्र मी इतक्यांदा वाचलं की घडीवर कागद फाटला. तुझ्या गाडीत एक बटण आहे, ते दाबलं की पाय काढून घेतला तरी गाडी त्याच वेगानं चालत राहते, इथपर्यंत मी मान्य केलं. पण पुढे तू लिहितोस की तुमच्या कारखान्यात आता नवाच प्रयोग चालू आहे: गाडीवर कॅमेरा बसवायचा, त्यानं रस्त्यावरच्या दोन पांढऱ्या पट्ट्या पाहायच्या, आणि गाडी एका पट्टीकडे सरकू लागली की यंत्रानंच स्टिअरिंग जरासं फिरवून तिला मधोमध आणायचं. ड्रायव्हरनं हात मांडीवर ठेवून बसायचं. आणि लगेच खालच्या ओळीत लिहितोस की त्या माणसानं झोपायचं नाही, नजर रस्त्यावरून काढायची नाही, आणि यंत्र गडबडलं की झटकन स्टिअरिंग धरायचं. अरे, मी सव्वीस वर्षं एसटी चालवली. जागं राहायचं, समोर पाहायचं, मनातून घाबरायचं आणि हात मात्र लावायचा नाही, हे काम आपल्याकडे पहिल्यापासून आहे. त्याला पुढच्या सीटवरचा पॅसेंजर म्हणतात.

शिवाय पांढऱ्या पट्ट्या कुठून आणायच्या? काटोल रोड तू विसरलास वाटते. मधे डांबराचा एक पट्टा, दोन्ही बाजूंना मुरूम. इथे सगळेच मधोमध चालवतात, तेही कॅमेऱ्याशिवाय. समोरून ट्रक आला की दोन्ही ड्रायव्हर एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात, आणि ज्याला घरची आठवण आधी येते तो आपलं एक चाक मुरमावर उतरवतो.

माझं विचारशील तर रिटायर झाल्यापासून मजेत आहे. हात मोकळे आहेत. (फक्त जेवताना ताट दोन्ही हातांनी धरायची खोड लागली आहे. त्या रस्त्यावरचं फेटरी गावाचं वळण आठवलं की ताट आपोआप डावीकडे फिरतं आणि वरणाची वाटी सुभद्राच्या पुढ्यात जाते. ती वाटी उचलून पुन्हा माझ्याकडे ठेवते.)

आता झालं ते सांगतो. आपल्या गल्लीतल्या देवाजीनं, तोच संत्र्याचा व्यापारी, दिवाळीला नवी पांढरी गाडी घेतली. चालवता येत नाही. शिकवणार कोण, तर तुझा दादा रुपराव. मी सुरुवातीला टाळलं, मग गेलो. (गेलो म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या आधी गाडीपाशी उभा होतो.) तो स्टिअरिंगवर, मी शेजारी. गडी हुशार आहे, महिन्याभरात गिअर टाकायला शिकला. मला तुझा अभिमान आवरला नाही आणि मी त्याला तुझं पत्र वाचून दाखवलं. तीच चूक झाली.

गेल्या गुरुवारी त्याला काटोलच्या बाजारात काम होतं. सकाळी निघालो. कळमेश्वर मागे पडलं, पुढे सरळ रस्ता लागला, ऊन छान पडलेलं, दोन्ही बाजूंना संत्र्याचे बगीचे. मी जरा निवांत झालो, आणि देवाजीनं दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. मी काय करता म्हणून विचारलं, तर अगदी शांतपणे म्हणतो, “पाहू द्या ना रुपरावजी, आपली बी नवीच आहे.”

गाडी नवी असली तरी रस्ता जुना. कडेला उतार आहे, त्यामुळे गाडी आवाज न करता डावीकडे निघाली. टायरखाली मुरूम वाजला आणि माझे हात स्टिअरिंगवर गेले. मी विचार केला, मग हात टाकले, असं झालं नाही. हात आधी गेले. त्याला म्हटलं, पाय आहे तिथे ठेवा, बाकी माझ्यावर सोडा, आणि गाडी डांबरावर घेतली.

तिथे मी त्याला स्टिअरिंग परत द्यायला पाहिजे होतं. दिलं नाही, वसंत. पाय देवाजीचे, हात माझे, आणि मी अर्धा त्याच्या मांडीवर. तो दोनदा म्हणाला की आता देता का, मी म्हणालो पुढचं वळण जाऊ द्या. वळण गेलं की पूल जाऊ द्या. स्टिअरिंगची ती थरथर तळव्यातून कोपरापर्यंत येत होती. कुठे खड्डा आहे, कुठे डांबर फुगलं आहे, सगळं हातांना पाठ. सव्वीस वर्षं मी त्याच रस्त्याला शिव्या दिल्या होत्या. तुला सांगतो, तो रस्ता संपू नये असं वाटून राहिलं होतं.

पण काटोल आलं. मी गाडी सरळ स्टँडमध्ये घेतली आणि एसटी लावायचो त्या दोन नंबरच्या फलाटावर लावली. देवाजीला बाजारात जायचं होतं, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. तेवढ्यात पेरूची टोपली घेऊन एक बाई मागचं दार उघडून बसल्या (रंभाबाई, आपल्या गाडीच्या जुन्या पॅसेंजर) आणि कंडक्टर कुठे गेला म्हणून विचारू लागल्या. आमचे कंट्रोलर नत्थूजी बाहेर आले. फलाटावर पांढरी गाडी पाहिली, आत मला पाहिलं. मला वाटलं आता झाडणार. त्यांनी शिट्टी काढली, आणि मोठी गाडी मागे घ्यायला लावताना देतात तशी वाजवत, हातानं इशारा करत, मला फलाटावरून बाहेर काढून दिलं. रंभाबाईंना उतरवायला मात्र वेळ लागला.

नंतर चहा पिताना देवाजी रागावलेला नव्हता. म्हणाला, उद्यापासून तुम्हीच चालवा, मी मागं बसतो, महिन्याचा पगार ठरवून टाकू. माझा चहा तसाच राहिला. मग तो म्हणाला, “काय चुकवली गा ती बैलगाडी तुमी! माहा तं जीवच गेला होता.”

मी विचारलं, “कोणती बैलगाडी?”

तो हसला. मग हसायचा थांबला.

कापसानं भरलेली बैलगाडी होती, डाव्या अंगाला, त्याच्या म्हणण्याप्रमाणे चार हातांवर. गाडीवर नवरा-बायको बसले होते. मी ती पाहिलीच नव्हती. मुरूम वाजला म्हणून हात गेले, एवढंच.

“मले बाजूचं दिसत नाही, देवाजी,” मी म्हटलं. “समोरचं दिसते, बाजूचं गेलं.”

हे मी आजवर सुभद्रा आणि डॉक्टर सोडून कोणाला सांगितलं नव्हतं. तुलाही रिटायर झालो असंच लिहिलं होतं. खरं असं की दोन वर्षं बाकी असताना तपासणीत काचबिंदू निघाला आणि मला गाडीवरून उतरवलं. त्यांचं बरोबरच होतं. माझ्या मागे पन्नास माणसं बसत. मी स्वतःच कागदावर सही करून आलो.

परतीला देवाजीनं गाडी चालवली. दोन्ही हातांनी स्टिअरिंग असं धरलं होतं की बोटं पांढरी पडली. मी शेजारून पुढचा रस्ता सांगत गेलो. गल्लीत शिरल्यावर तो म्हणाला की उद्या सकाळी या, मागे घ्यायचं शिकायचं राहिलं आहे. मी रोज जातो. त्यालाही कळलं आहे आणि मलाही, की मागे घेणं त्याला चांगलं येते.

तेव्हा तुझ्या त्या यंत्राबद्दल माझं मत तेच आहे: हात रिकामे ठेवून माणसानं गाडीत बसण्यात काही अर्थ नाही. सूनबाईला व पोरांना पुन्हा आशीर्वाद.

तुझा दादा,
रुपराव

ता. क. – एक विचारायचं होतं. तुमच्या साहेबाला विचारून पाहा. ते यंत्र उलटं बनवता येईल का? म्हणजे बाजूचं त्यानं पाहायचं, कोणी आलं तर सांगायचं, आणि हात ज्याचे त्याचेच राहू द्यायचे. स्टिअरिंगला त्यानं हात लावायची गरज नाही. ते मी पाहून घेईन.

आणखी ता. क. – अशी गाडी इकडे यायला किती वर्षं लागतील, ते खरं लिही, मन राखायला कमी सांगू नको. डॉक्टर म्हणतात, डोळ्यांत औषध वेळेवर टाकलं तर आहे तेवढी नजर बरीच वर्षं टिकेल. आधी मी चुकवत होतो. गुरुवारपासून दोन्ही वेळा टाकून राहिलो.