सीट पुढे कोणी घेतली?

४ जानेवारी

इंजिन काढणार! चहा पिता पिता जाहीर केलं ह्यांनी. "गाडी बॅटरीवर करून घेतोय." आणि पुन्हा कपात तोंड.

मी दोनदा विचारलं, कुठली गाडी? जशा काही दारात दहा उभ्या आहेत. एकच आहे, सासऱ्यांची. तिच्या बॉनेटवर मी एकदा ओली छत्री ठेवली तर आठवडाभर अबोला धरला होता ह्या गृहस्थांनी! इंजिनाला हात लावायच्या आधी मिस्त्रीला साबणाने हात धुवायला लावतात. काम झाल्यावर नाही, आधी!

आणि गेल्या वर्षी ह्यांच्या जुन्या गाड्यांच्या मंडळातल्या एकाने आपली जुनी गाडी बॅटरीवर केली तेव्हा सगळ्यांत मोठ्याने कोण ओरडलं होतं? हेच. "इंजिन काढलेली गाडी म्हणजे पेंढा भरलेला वाघ!" घरी येऊन भिंतींनाही तेच ऐकवत होते. मग आता काय झालं? कुठेतरी पाणी मुरतंय.

६ जानेवारी

सरळ विचारलं. म्हणे, "जमाना बदलला." ह्यांचा जमाना बदलला! अजून घड्याळाला चावी देतात.

आणि एक गोष्ट — बोलताना डोळ्याला डोळा भिडवत नाहीत. माझ्या कानाकडे बघतात. आधी वाटलं, कानातलं आवडलं की काय. कानातलं जुनंच आहे.

११ जानेवारी

गाडी बॅटरीवर करणारी बाई आहे! आज तिचा फोन मी उचलला. आवाज तरुण, गोड. "काकू, काका आहेत का?" काका फोन घेऊन गॅलरीत गेले. दार लोटून घेतलं. माझ्यासमोर बोलायला काय होतं?

१७ जानेवारी

मंडळाच्या बैठकीला गेले. आयुष्यात पहिल्यांदा. हे म्हणाले, "तू कशाला?" म्हटलं, चहा प्यायला.

अध्यक्षांना सगळे भोंगा म्हणतात. का ते पहिल्या मिनिटात कळलं. विषय एकच — जुन्या गाड्या बॅटरीवर कराव्यात की नाही. भोंगा गरजला, "जुना वाडा पाडायचा, नवा बंगला बांधायचा आणि वर जुन्याच दाराची पाटी लावायची, त्यातला प्रकार!" एक कोपऱ्यातला म्हणाला, "पार्ट मिळत नाहीत, धूर डोळ्यात जातो. नुसती पुसत बसायची का? चालली तर गाडी, नाहीतर फर्निचर." त्यावर जो गोंधळ! एकाने खुर्चीच ढकलली.

मजा म्हणजे मी मनातून भोंग्याच्या बाजूने! जन्मभर त्या इंजिनाला सवत म्हणत आले. कपड्यांना पेट्रोलचा वास, नखांत काळं. पण कोपऱ्यावर तिचा खोकला ऐकू आला की मी आधण ठेवते, आणि हे दारात येईपर्यंत चहा तयार असतो. आता काय, चोरपावलांनी येणार का? की तेच हवंय?

आणि हे पूर्ण वेळ मूग गिळून बसलेले. बाहेर पडताना भोंगा अगदी समोर उभा, हात पुढे केलेला — ह्यांनी ओळखच दाखवली नाही! तो बोलल्यावर मग "अरे, तू होय!" तोंड दाखवायला जागा उरली नसेल. दुसरं काय.

२१ जानेवारी

माझी उजवी चप्पल सापडत नाही. डावी जागेवर आहे. चोराने निदान जोड तरी न्यावा!

२६ जानेवारी

वन्सं आल्या होत्या. ह्यांना घेऊन "जरा जाऊन येतो" म्हणून दोघं टॅक्सीने गेली. परस्पर. तीन तास! परत आले तर ह्यांच्या डोळ्यांवर काळा चष्मा. आभाळ भरून आलेलं, खोलीत दिवा लावलेला, आणि हे काळा चष्मा घालून सोफ्यावर! या वयात! हसू आलं तेवढ्यात वन्सं म्हणाल्या, "बाबांची गाडी शेवटी घरातच राहणार, बरं झालं." हसू पळालं.

घरातच म्हणजे कोणाच्या घरात?

आता डोक्यात प्रकाश पडला. वन्सं पहिल्यापासून "बाबांची गाडी, बाबांची गाडी" करतात. पण त्यांना तो गिअर जमायचा नाही. बॅटरीवर केली की क्लच नाही, गिअर नाही. बसा आणि दाबा. कोणीही चालवावी. म्हणजे वन्संनी!

३० जानेवारी

ताकास तूर लागू देत नाहीत. "वन्संबरोबर कुठे गेला होतात?" तर "काम होतं."

ह्यांनी पेपर वाचणंही सोडलंय. समोर धरतात, घडी घालतात, ठेवतात. मन थाऱ्यावर नसलं की असंच होतं माणसाचं.

८ फेब्रुवारी

गाडी वर्कशॉपमध्ये गेली. मिस्त्रीच चालवत घेऊन गेला. हे शेजारी बसले! ह्यांच्या हयातीत दुसऱ्याने ते स्टिअरिंग धरलेलं मी पाहिलं नव्हतं. म्हणजे धरलं होतं एकदा. मी.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी. हौसेने शिकवायला बसले. तो क्लच म्हणजे दगड! दाबताना अख्खा पाय थरथरायचा. चढावर गाडी बंद पडली, मागे रांग, हॉर्न. हे म्हणाले, "राहू दे. तुझ्याने नाही व्हायचं." उतरले ती आजतागायत शेजारच्या सीटवर. लायसन आहे हं माझ्याकडे! नंतर दुसऱ्या गाडीवर शिकून काढलं, ह्यांना न सांगता. दर खेपेला नवं करून घेते. कशासाठी, देव जाणे. आता तर डावा गुडघाही गेला.

आणि आता वन्संना बसा-दाबा गाडी. वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. गाडी नको होती मला कधी. पण मला विचारायचं तरी!

१९ फेब्रुवारी

सीटकव्हरं पूर्वीची मीच शिवली होती. नव्यांचं माप घ्यायच्या निमित्ताने वर्कशॉपमध्ये गेले. हे घरी झोपलेले.

इंजिन कोपऱ्यात लाकडी फळीवर, तेल लावून, आमच्याच जुन्या चादरीत गुंडाळलेलं. ती बाई होती तिथे. मी मनात तिला नटवी, बुटकी अशी काहीतरी धरली होती. निघाली ताडमाड! हात कोपरापर्यंत काळे. म्हणाली, "काकू, काकांनी अट घातलीय, मूळ गाडीत एक भोक पाडायचं नाही. सगळं जुन्या जागांवरच बसवायचं. उद्या कुणाला वाटलं तर इंजिन परत बसलं पाहिजे." म्हटलं चला, एवढी तरी लाज शिल्लक आहे.

मग माप घ्यायला दार उघडलं. ड्रायव्हरची सीट पुढे! चांगली वीतभर. शिवणारीची नजर आहे माझी, दाराच्या खांबाशी जुन्या कव्हराची शिवण जुळत होती, आता नाही. खाली वाकून पाहिलं. सीटची पट्टी पुढे घेतलेली, आणि पत्र्यात कोरी करकरीत भोकं!

ज्या माणसाने सबंध गाडीत एक भोक पाडू दिलं नाही, त्याने ही पाडू दिली. कोणासाठी? ह्यांचे पाय लांब, तिथे गुडघे हनुवटीला लागतील. ताडमाड बाईचेही तेच. बुटकं आमच्यात कोण? वन्सं!

माप न घेताच निघून आले.

२० फेब्रुवारी

बोलत नाहीये. छत्रीच्या वेळचा हिशेब चुकता.

२ मार्च

मिस्त्रीचा फोन, गाडी तयार. हे पुढे गेले होते. मी मागून थडकले. ठरवूनच गेले होते — सगळ्यांदेखत विचारायचं.

"ही सीट कोणाच्या मापाची आहे?" मी तावातावाने दार उघडलं आणि बसलेच आत. म्हटलं, बघू दे वन्संचं सिंहासन कसं आहे!

पाठ टेकली. पाय लांब केला. उजवं पाऊल पेडलवर असं पडलं की जसं काही रोजचंच. आरशात मागची काच पूर्ण दिसत होती.

मिस्त्री खिडकीशी वाकला. "पुरतोय ना पाय, वहिनी? साहेबांनी मापाला चप्पल आणली होती तुमची." आणि फळीवरून काढून दिली. उजवी! "डावी कशाला, म्हणाले, डाव्या पायाला आता कामच नाही. गुडघा दुखतो तिचा." मग हळूच, "अख्ख्या गाडीत भोकं पाडली ती एवढीच बघा. साहेब तोंड फिरवून उभे होते तेव्हा."

मी चप्पल मांडीवर घेऊन बसून राहिले. ओरडायची सगळी तयारी फुकट!

घरी आल्यावर पुन्हा शंका आलीच. स्वभावच मेला तसा. माझ्यासाठी? इतक्या वर्षांनी? ते इंजिन काढायला लावून? नाही. हे अजून काहीतरी लपवताहेत. वन्संना माहीत आहे आणि मला नाही. विचारलं तर पुन्हा माझ्या कानाकडे बघत म्हणाले, "उद्या चालव तर खरी."

३ मार्च

चालवली! चढावरसुद्धा. आवाज नाही, धूर नाही, थरथर नाही. हे शेजारी, हात मांडीवर, एकदाही "ब्रेक" म्हणाले नाहीत.

फाटकाशी थांबवली. म्हटलं, "आता खरं सांगा. आणि सरळ माझ्याकडे बघून सांगा!"

म्हणाले, "सरळ बघितलं की तू दिसत नाहीस गं. मधलं सगळं पुसलं गेलंय. कडेने बघितलं की थोडी दिसतेस. म्हणून कडेने बघतो."