हितेंद्रच्या कुर्त्याची बटणं

बोदवड, १ फेब्रुवारी २०२५

ती. कमलआत्यास,
कामिनीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून पत्र. तुझ्या भाच्याचा, आपल्या हितेंद्रचा, साखरपुडा सोळा तारखेला ठरला. मुलगी साक्रीची, भूमिका. बाबांनी आणलेला कुर्ता बरा आहे, पण बटणं शाळेच्या गणवेशाची वाटतात. ती सोबत पाठवते आहे. तुझ्या पद्धतीने सजव आणि घेऊन स्वतःच ये. उखर्डूनाना गेल्यापासून तू कुणाच्या मांडवात पाऊल टाकलेलं नाहीस.

वाट बघणारी,
कामिनी

सोनगीर, ८ फेब्रुवारी

चि. कामिनीस अ. उ. आशीर्वाद.

बटणं पाठवते आहे. जुन्या लुगड्याच्या काठाची चिंधी ताणून बसवली, कडेने केळीच्या सोपटाचा धागा गुंडाळला आणि मधोमध राई अन् मेथी डिंकाने चिकटवली. बाजारातले मणी भारी खोटे दिसत होते. शेजारची बेबाबाई म्हणाली की बठ्ठं झकास शे.

येण्याचं म्हणशील तर गुडघा दुखतो. शिवाय कोंबड्या आहेत. आणि खरं सांगू? विधवा बाई पुढे आली की कुणी बोलत नाही, फक्त कुंकवाचं ताट दुसरीकडे वळवतात. पोराच्या शुभकार्यात तसं नको. माझ्याऐवजी बटणं येतील.

सगळे जपून राहा.
तुझी आत्या

बोदवड, १८ फेब्रुवारी

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

साखरपुडा पार पडला. इस्त्रीसाठी मी कुर्त्यावर पाणी शिंपडलं, ओल्या पंच्यात गुंडाळला आणि गल्लीची डीपी जळाली. वीज आली ती तीन दिवसांनी, थेट सोळा तारखेला सकाळी. कुर्ता उघडला तर बटणांना मोड आलेले.

आईने कात्री आणली. हितेंद्र म्हणाला की आत्याने केलेली बटणं तो काढणार नाही, उगवली असली तरी. मग तो तसाच पाटावर बसला. पाहुण्यांपैकी एकाने विचारलं की मुलगा कृषी खात्यात आहे का.

भूमिकाच्या आजी, धुरपदाबाई, बराच वेळ बघत होत्या. हे कुणाच्या हातचं आणि ती बाई कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. त्याही विधवाच आहेत आणि भूमिकाला पहिलं कुंकू त्यांनीच लावलं होतं. त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या की ज्या हातचं बी कापडावरसुद्धा उगवतं, मेमधल्या लग्नात हळदीला पहिला हात तोच लागेल. आईला त्यांनी विचारलंही नाही.

उत्तर लवकर लिही.
कामिनी

सोनगीर, २४ फेब्रुवारी

चि. कामिनीस अ. उ. आशीर्वाद.

पत्र बेबाबाईलाही वाचायला दिलं. ती हसली, मी रडले. शेतकऱ्याची पोर तू, बियाण्याला ओल दाखवू नये एवढं कळायला हवं होतं.

गुडघा दुखत नाही ग. मला यायचं असतं, दर वेळी यायचं असतं. पत्रिका आली की पातळ काढते आणि पुन्हा ठेवून देते. या वेळी येते. आईला सांग, हळद जरा जास्तच कालव. नाना गेल्यापासून मी कुणालाच लावलेली नाही.

आहे ती माया तशीच असू दे.
तुझी कमलआत्या