ओल्या गाडीवरची खोळ

दि. ४ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. पहिलं आलं तेव्हा म्हटलं, उद्या लिहू. दुसरं आलं तेव्हा पहिल्याचं उत्तर राहिलंय याची लाज वाटली आणि लाजेपायी आणखी लांबवलं. तिसऱ्यात तू मला ज्या ज्या नावांनी हाक मारलीस, ती वाचून आमच्या मुकादमाला हसू आवरेना. (पत्र आधी त्याच्या खोलीत येतं आणि तो खुशाल फोडतो. यापुढे घरातलं जरा जपून.)

फोनवर सांगून टाकलं असतं, पण ती वाट बाबांनी बंद केलीय. आयुष्य आवक-जावकच्या टेबलावर गेलेला माणूस, कागदाशिवाय विश्वास ठेवेल कसा? शिवाय मी एकाच दुपारी तुला ‘विकून टाक’ आणि त्यांना ‘दुरुस्त करा’ म्हणालो होतो, हे तुम्ही दोघांनी ताडून पाहाल असं मला वाटलं नव्हतं.

तर गाडी. मागच्या दाराखाली फोड आलेत, चाकावरच्या कमानीवर तांबडा नकाशा उमटलाय, डिकीत ओल आहे. डेंटर म्हणतो, कापून नवा पत्रा जोडावा लागेल. तू म्हणतेस मोडीत घालू. बाबा म्हणतात, लांबीचं लुकण भरून वरून रंग मारला की झालं. आणि मत हवंय माझं, कारण गाडी पुढेमागे माझी, असं बाबांनी परस्पर ठरवून टाकलंय. अगं, माझा सगळा संसार एका पिशवीत मावतो. गाडी कुठे ठेवू, त्याच पिशवीत?

विचार करतोच आहे. तोवर इथलं ऐक. सध्या मी बोटी दुरुस्त करणाऱ्या गोदीत आहे. दिवसभर लोखंडी बोटींचा गंज खरवडायचा. कान किणकिणत राहतात आणि शिंकलो की रुमाल तांबडा. आल्या आल्या एक बोट मी मन लावून धुतली आणि ताडपत्रीने गच्च बांधून ठेवली, बाळाला गुंडाळावं तशी. घरची शिस्त, दुसरं काय! मुकादमाने सगळ्यांसमोर असा झाडला म्हणतेस! म्हणाला, ओलं लोखंड झाकायचं म्हणजे गंजाला पांघरूण घालून थोपटायचं, त्यापेक्षा उघड्यावर टाकलं असतंस तर जास्त टिकलं असतं. इथे ताडपत्रीखाली काठ्या लावून वारा खेळता ठेवतात. मला जाम आवडलं ते. आणि हो, दोरखंडांच्या ढिगात मांजर व्यायलीय. एक पिल्लू थेट तुझ्या चिमीसारखं बघतं, खाऊ हवा असला की.

पान संपलं. गाडीचं पुढच्या पत्रात नक्की. बाबांना सा. न., चिमीला पापा. तुझा लोभ तिसऱ्या पत्रातल्या शिव्यांतूनही दिसला, तेवढा राहू दे.

तुझा,
भिरभिरा

*

दि. १३ नोव्हेंबर

चि. भिरभिऱ्यास,
अ. उ. आ. आणि सोबत दोन धपाटे.

पत्र आलं. त्यात उत्तर सोडून सगळं होतं. मांजरीची खुशाली कळली, आनंद झाला.

आता नीट वाच. घरी आलेलं पत्र जेवताना मोठ्याने वाचायचं आणि आधी चाळायचं नाही, ही बाबांची रीत तुला ठाऊक आहे. मी वाचत गेले. ओल्या लोखंडाचं तोंडून निघालं तेव्हा कळलं की आपण काय वाचतोय, पण तोवर वाक्य संपलं होतं. अरे, लिहिताना तुझ्या डोक्यात काहीच आलं नाही? बाबांचं रोज सकाळी गाडीवर दोन बादल्या पाणी, फडकं, आणि तिचं अंग सुकायच्या आत ती प्लास्टिकची खोळ, चारी बाजूंनी दोरीने आवळून. का, तर धूळ बसू नये. इतकी वर्षं! शेजारच्यांच्या गाड्या धुळीने माखून रस्त्यावर पडलेल्या असतात आणि तरी त्यांच्या पत्र्याला काही होत नाही, याचं बाबांना केवढं नवल वाटायचं. आपल्याच वाट्याला नासका पत्रा आला म्हणायचे.

त्यांनी घास ताटात ठेवला. ते वाक्य मला पुन्हा वाचायला लावलं. मग हात धुऊन खाली गेले, खोळ ओढून काढली आणि कचऱ्याच्या पिंपात कोंबली. तेव्हापासून गाडी उघडी उभी आहे. धुणं नाही, चालवणं नाही. सकाळी त्या वेळेला रिकाम्या हातांनी बाल्कनीत उभे राहतात, चहा गार होतो. मी म्हटलं, अहो बाबा, जुन्या गाडीला गंज यायचाच. तर म्हणाले, आला नाही, मी आणला.

मी दवाखान्यात दिवसभर लोकांच्या दातांतली कीड काढते. ही गाडी दात असती तर कधीच उपटून मोकळी झाले असते. एरवी तुमच्या दोघांचे लाड चालू दिले असते, पण तुझं पत्र यायच्या आदल्याच दिवशी चिमीची पट्टी मागच्या सीटखालच्या भोकातून रस्त्यावर पडली. हो, भोक. बाबांनी त्यावर रबरी पायपुसणं टाकून ठेवलं होतं. पायाखालून रस्ता पळताना दिसतो म्हणून ती टाळ्या पिटत होती आणि मी तिचे पाय वर ओढून घेतले. तेव्हा गाडी एक तर धड व्हायला हवी, नाहीतर जायला हवी.

बाबांना विचारलं तर म्हणतात, ज्याची आहे त्याला विचार, मी बोलायचा हक्क घालवला. उद्या मी एकटीने भंगारवाल्याला बोलावलं तर ते मला एका शब्दाने बोलणार नाहीत. तेच मला नकोय रे. भांडले असते तर परवडलं असतं.

एका ओळीचं पत्र चालेल. मांजर नको. लोभ आहे, पण तो आता पार कातावलाय.

ताई

*

दि. २२ नोव्हेंबर

चि. भिरभिऱ्यास,

आशीर्वाद नेहमीचेच, पुन्हा लिहीत बसत नाही. भंगारवाल्याला सांगून ठेवलंय, महिना संपला की येईल. डेंटरही ताटकळलाय. ‘ठेव’ की ‘मोड’, एवढंच लिही. बाबा आता जेवतानाही बोलत नाहीत. चिमी रिक्षाने शाळेत जाते आणि येताना माझ्यावर रुसून येते. या घरात माझ्याशी धड बोलणारी आता फक्त कुकरची शिट्टी उरलीय.

ताई

*

दि. २८ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मोडीत घाल.

बघ, पहिल्याच ओळीत लिहिलं. मांजराचं एक अक्षर नाही.

मी ‘ठेव’ म्हणेन असं तुला वाटलं असेल. खरं तर तेच लिहायला बसलो होतो, दोन कागद फाडले. पण चिमीला ज्या पत्र्यातून रस्ता दिसतो, त्या पत्र्यावर तुम्ही माझ्यासाठी रंग मारत बसायचं आणि मी इकडे लांबून ‘वा’ म्हणायचं, हे मला जमणार नाही. गंज वरून जेवढा दिसतो त्याच्या कितीतरी पट आत असतो, हे आता रोज बघतोय. ही ओळ बाबांच्या समोर मोठ्याने वाच: निर्णय माझा आहे, ताईचा नाही. रुसायचं तर माझ्यावर रुसा. आणि त्यांना म्हणावं, गाडीच्या मोहाने मी कधी घरी आलोच नाही. येतो ते तुमच्याकडे. गाडी नसली तरी येईन, थोडा उशिराच येईन, पण

थांब जरा, मुकादम बोंबलतोय. गेटवर कुणी गाडी आडवी घातलीय, हलवायला तयार नाही म्हणे.

ताई, बाबा आलेत. गाडी घेऊन!

मी आधी ओळखलीच नाही. आपली गाडी मी जन्मात कधी मळलेली पाहिली नव्हती. काचेवर वायपरने काढलेले दोन पंखे, बाकी सगळी धूळ. आत बाबा ताठ बसलेले, दोन्ही हात स्टीअरिंगवर, जणू अजून रस्ता चालूच आहे. तुला ‘फिरायला जातो’ एवढंच सांगून निघालेत, हे ऐकलं आणि धावत येऊन मुकादमाच्या फोनवरून तुला लावला. तू उचलत नाहीयेस. कुणाच्या तरी दातात असशील. पुन्हा लावतो, तोवर हे लिहितोय. सुखरूप आहेत. भंगारवाल्याला नको म्हणून सांग. पहिली ओळ वाचली असशील तर गिळून टाक.

पाणी दिलं तर प्यायले नाहीत. गाडी मोडायची असेल तर मोडू म्हणाले, पण त्याआधी आपण आत काय करून ठेवलंय ते त्यांना स्वतः बघायचंय. बाह्या सारून खाली वाकलेत आणि मला विचारताहेत की खरवडायला सुरुवात कुठून करतात.

तुझा,
भिरभिरा