पाणमांजर, काचेचा डबा आणि तुमचा जुना फ्रिज

ती. साडूभाऊंस,

सप्रेम नमस्कार. इकडे मी ठीक आहे, म्हणजे चहा स्वतः करतो आणि स्वतःच पितो (दुसरं कोणी पिणार नाही असाच तो होतो). तुमची पाठ कशी आहे? ताईंचा गुडघा? घरात आणखी कोणाची दाढ वगैरे दुखत असल्यास तेही कळवावे. आमची ही सध्या बहिणीला भेटायला म्हणून तुमच्याकडे आलीच आहे, तेव्हा चौकशीत तिलाही धरावे.

पत्रास कारण, तुमच्या जिन्याखाली पडलेला तो जुना छोटा फ्रिज. तो मला हवा आहे. का, ते सविस्तर सांगितलेलं बरं, कारण दुसरी बाजू तुम्ही एव्हाना जेवताना ऐकलीच असेल.

निवृत्तीनंतर मी तळ्यावरच्या निसर्ग निरीक्षण मंडळात स्वयंसेवक झालो, हे तुम्हाला माहीत आहे (तुम्ही त्यावर हसला होतात, तेही माझ्या लक्षात आहे). तळ्यात पाणमांजर आहे असं मंडळाचं म्हणणं, आणि नाही असं बाकी सगळ्यांचं. ते आहे असं सिद्ध झालं, तर काठचं लव्हाळं तोडून तिथे गाड्या लावायची जागा करायचं घाटतंय ते टळेल. म्हणून आमच्या प्रमुखांनी (हे गृहस्थ न्हाव्याकडेही गळ्यात दुर्बीण घालून जातात) तळ्याच्या वाटेपासून जरा आत, काठच्या झाडाला बांधलेला एक कॅमेरा माझ्यावर सोपवला. समोर काही हललं की तो आपोआप फोटो काढतो. आता पाणमांजर येऊन गेलं की नाही, हे बघायला जायला नको? मी सकाळ-संध्याकाळ जायचो. त्यामुळे फोटो भरपूर निघाले, पण सगळे माझेच, बहुतेक हनुवटीचे. शिवाय कॅमेरा प्राण्याच्या नजरेत भरू नये म्हणून मी स्वतःची अक्कल चालवून त्याला चिखल फासला होता, तो थोडा भिंगावरही गेला. म्हणजे हनुवटीसुद्धा धड दिसत नव्हती.

अखेर देव पावला आणि काठच्या दगडावर मला पाणमांजराची ताजी विष्ठा सापडली. माशाचे खवले, काटे, सगळं कसं स्पष्ट. ती तपासणाऱ्या प्राध्यापक बाई परगावी होत्या. त्यांनी फोनवर सांगितलं की मी येईपर्यंत घट्ट झाकणाच्या डब्यात, थंड जागी ठेवा. आमच्या घरात घट्ट झाकणाचा डबा एकच, हिचा काचेचा, ज्यात ती पाहुण्यांसाठी केक ठेवते. थंड जागाही एकच. यात माझं काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही (डबा विचारून घ्यायला हवा होता, एवढं मान्य).

नेमक्या त्याच दिवशी हिच्या वाचनालयातल्या मैत्रिणी चहाला आल्या. हिने आत केकच आहे असं समजून डबा बशांच्या मधोमध ठेवून झाकण काढलं आणि मी दारात उभा. दुसरा एखादा नवरा डबा उचलून पसार झाला असता. मी ओरडलो की हात लावू नका, नमुना खराब होईल. वर कोणाचा गैरसमज नको म्हणून त्यातला काटा कोणता नि खवला कोणता, तेही समजावून सांगितलं. मैत्रिणी फार सभ्य. अर्धा चहा तसाच ठेवून उठल्या.

ही मात्र शांत होती, आणि ते जास्त वाईट. म्हणाली, "त्या प्राण्याच्या पोटात काय गेलं ते तुम्हाला दिसतं. माझी दाढ आठवडाभर ठणकतेय, मी एकाच बाजूने जेवतेय, ते दिसलं नाही."

बॅग भरून ती तळ्याच्या वाटेने स्टँडवर गेली. मीही मग रुसून घरात बसलो आणि तळ्याकडे फिरकलोच नाही.

काल आमचे दुर्बीणवाले कॅमेरा घेऊन धापा टाकत घरी आले. पाणमांजर आलं होतं, तेही पिल्लासकट, आणि फोटो अगदी लख्ख. प्राध्यापक बाईंनी माझं खास अभिनंदन केलं, कारण मी गेलो नाही म्हणूनच ते आलं असं त्यांचं मत पडलं. काहीच न केल्याबद्दल मला आयुष्यात प्रथमच शाबासकी मिळाली. लव्हाळं आता वाचेल. तेव्हा पुढच्या नमुन्यांसाठी फ्रिज जरूर पाठवावा. ताईंना नमस्कार.

तुमचा धाकटा साडू

ता. क. फ्रिज नाही पाठवला तरी चालेल. खरं म्हणजे तो नकोच आहे. पण त्या निमित्ताने कोणी इकडे यायला तयार होत असेल तर बघावं. डबा नवा आणला आहे. दातांच्या डॉक्टरांकडे शनिवारची वेळ घेऊन ठेवली आहे, मीही बरोबर जाणार आहे.

आणखी एक. पाणमांजराच्या आधी कॅमेऱ्यात दोन फोटो आहेत. पहिल्यात चिखलाआडून एक बॅग आणि रुमाल धरलेला हात दिसतो. दुसऱ्यात भिंग स्वच्छ आहे आणि समोर ही. चेहरा रागाने लाल आणि एक गाल चांगलाच सुजलेला. रोज समोरासमोर जेवायला बसत होतो साडूभाऊ, आणि तो गाल मला फोटोत दिसला. एवढं चिडून निघालेली बाई वाट सोडून माझा कॅमेरा पुसायला थांबली होती.

भिंगावर परत धूळ बसली आहे. तेवढं तिच्या कानावर घालावं.