दोनच गाद्या

१४ ऑक्टोबर, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला थांबला का? आम्ही तिघं बरी आहोत. ह्यांनी फोनवर तुला तीन गाद्या नव्याने भरून घ्यायला सांगितल्याचं कळलं. जरा थांब. का ते सांगते, पण आधी कपडे वाळत घालून येते.

आले. ह्यांचा फर्निचरचा कारखाना बंद होतोय हे तुला माहीतच आहे. काम गेलं की ह्या देशात राहायचा परवानाही जातो, म्हणजे परत तिकडेच यायचं. ह्यांना त्याचं फारसं दुःख नाही. भिंतीवरचं घड्याळसुद्धा काढून गुंडाळलंय. आता किती वाजले ते शेजारी विचारावं लागतं. लेकीने मात्र स्वतःचं काहीच बांधायला घेतलेलं नाही.

मंगळवारी परवान्याच्या कार्यालयात बोलावलं होतं. नेहमीप्रमाणे बोलायला लेक. कारखान्यात सगळे आपल्याकडचेच, त्यामुळे ह्यांना इथली भाषा आलीच नाही. डॉक्टर, घरमालक, बँक, सगळीकडे लहानपणापासून तीच आमचं तोंड. हे तिला वकीलसाहेबा म्हणतात. आता ती सज्ञान झाली, म्हणून तिथल्या बाईंनी विचारलं की मुलगी तुमच्याबरोबर परत जाणार ना. हे म्हणाले, "म्हणजे काय! एकटी राहून काय दिवे लावणार?" लेकीने शांतपणे इथल्या भाषेत सांगितलं, "बाबा म्हणतात, ती इथेच राहून शिकेल."

ताई, मला ते कळलं. शिवणाच्या दुकानात इतकी वर्षं बायकांची बडबड ऐकते, भाषा कानात कधी शिरली समजलंच नाही. मला ती कळते हे घरी कधी बोलले नाही. लेकीचा तो रुबाब मला आवडायचा, तिचं काम काढून घ्यावंसं वाटलं नाही. की गप्प बसणं माझ्याच सोयीचं होतं? कोण जाणे.

मग बाईंनी माझ्याकडे पाहून विचारलं, आईची संमती आहे का. लेक वळली. तिचे ओठ कोरडे पडले होते.

"आई, पाणी हवंय का विचारतायत."

हे शेजारी पिशवीचे बंद सोडत-बांधत बसले होते. मी बराच वेळ लेकीच्या ओठांकडे बघत राहिले. मग बाईंकडे बघून मान डोलावली.

परतताना बसमध्ये हे कुरकुरत होते, "विचारतात आणि देत नाहीत, काय लोक आहेत!" उतरल्यावर लेक हळूच म्हणाली, "आई, हो म्हणायला इतका वेळ का लावलास?"

"खरंच तहान आहे का, ते बघत होते."

ती पुढे गेली, थांबली, आणि माझ्या हातातली पिशवी घेतली.

तेव्हापासून दारात टपाल पडलं की मी हातातलं टाकून उठते. निकाल येईल, आणि नेहमीसारखी तीच ह्यांना वाचून दाखवेल. काय वाचेल? मी तिला वाट मोकळी करून दिली की खोटं पचवायला शिकवलं, या विचाराने डोकं पिकलंय. काहीही असो, ह्यांना हे परक्यांच्या कागदातून कळायला नको.

म्हणून आज जेवायला बसलो की मीच सांगणार आहे. लेकीला ताटावरून उठू देणार नाही. आजवर ती बोलली, आज तिने बसून ऐकावं. हे रागावतील, कदाचित तुला फोन करून तीनचाच हट्ट धरतील. ऐकू नकोस.

गाद्या दोनच भरून घे.

तुझी,
धाकटी