पाच काळे गोल

प्रिय फिलू,

परवा मृतांच्या दिवसाची मिस्सा झाली. फादरांनी तुझं नाव वाचलं, मी "आमेन" म्हटलं आणि इथे आखातात, डिस्कव्हरी गार्डन्सला घरी आले. एरवी तेवढ्यावर भागतं. यंदा भागलं नाही. बर्फावरच्या हिवाळी कॅम्पसाठी तुझ्या लेकीचं, जोआनाचं नाव उद्या संध्याकाळपर्यंत कळवायचं आहे, आणि त्याआधी तुझ्याशी बोलायला हवं. तू गेल्यापासून तुला एक ओळ लिहिली नाही. रडगाणी लिहायला मला वेळ नसतो, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत?

दमले गं. आधी तेच सांगते.

शाळा असो नसो, आठवड्यातल्या चार पहाटे तुझ्या लेकीला घेऊन वाळवंटातल्या सायकल ट्रॅकवर जाते. ती चाकांच्या स्की पायांत चढवते, काठ्या घेते आणि अंधारात दिसेनाशी होते. मी गाडीतल्या दिव्याखाली आठवीचे पेपर तपासते. ऊन चढायच्या आत परत, मग ती तिच्या वर्गात आणि मी ऊद मेथाच्या आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये. माझे गुडघे तर माझ्याहून वयस्कर झालेत. तू असतीस तर म्हणाली असतीस, "मास्तरीण, तूही दोन फेऱ्या मार की!"

कशी गं तू! वसईच्या केळीच्या वाडीतली पोरगी. थंडी म्हणजे डिसेंबरात अंगावर ओढायची गोधडी, एवढंच ठाऊक असलेली. सीमेवरच्या दलात शिपाई म्हणून भरती झालीस आणि पहिलंच पोस्टिंग बर्फात! तुझा पहिला फोन आठवतो. "बाय, पायांना दोन फळ्या बांधल्या आणि मला उतारावर सोडून दिलं! पडून पडून ढुंगण निळं झालंय!" आईने डोळे पुसत माझ्या हातातून फोन ओढला आणि एकच विचारलं, "तिथं मासळी मिळते का?"

"मासळी कुठली, आई! इथं पाणीच दगड झालंय!"

आई तेव्हा महिनाभर तुला परत ये म्हणत होती. आलीस? नाही.

पहिल्या वर्षी क्रॉस-कंट्री स्कीच्या शर्यतीत शेवटून दुसरी. मग एका हिवाळ्यात देशात पहिली आलीस, आणि पुढे कितीतरी वर्षं ती जागा कोणाला दिली नाहीस. नेम चांगला म्हणून तुला बायथलॉनमध्ये घातलं. पाठीवर रायफल, धापा टाकत यायचं, बर्फावर पालथं पडायचं आणि पाच काळे गोल टिपायचे. लागला की काळ्याचा पांढरा होतो, चुकला की प्रत्येकी एक दंडाचा फेरा. तू म्हणायचीस, "पळणं कोणालाही जमतं गं. पळता पळता थांबून श्वास धरणं, तिथे खरी गंमत आहे." परदेशातल्या शर्यतीत मात्र तुझा नंबर मागून मोजावा लागायचा. मी तसं बोलले की तू हसायचीस. "पण फिनिश केली ना?"

आणि ती शर्यत! सर्वांत पुढे होतीस, आडवी पडलीस, पाच गोळ्या झाडल्यास, पाचही गोल पांढरे. उठून पाहतेस तर शेजारच्या लेनचे! रात्री फोनवर हसू आवरत नव्हतं तुला. "नेम पाचही बरोबर, बाय! निशाण तेवढं शेजारणीचं!" पाचही चुकल्याच धरल्या. कोणाशी वाद घातला नाहीस, पाच फेरे मारलेस, मागे पडलीस, शर्यत पुरी केलीस. स्टाफरूममध्ये, चर्चमध्ये, जो भेटेल त्याला मी ही गोष्ट सांगत आले. जोआनासमोर तर किती वेळा!

शेवटी हॉस्पिटलात तुझ्या अंगात बोलायचंही त्राण नव्हतं. तरी माझा हात धरून म्हणालीस, "तिला बर्फावर उभी कर. तिच्यात आहे गं." मी "बरं" म्हटलं. तुझ्या नवऱ्याची, रॉबर्टची तुझ्यासारखीच बदलीची नोकरी, म्हणून लेकीला इथे माझ्याकडे आणली. आणि माझं "बरं" म्हणजे काय ते तुला चांगलं माहीत होतं. म्हणूनच मागितलंस ना?

इथे रायफल कुठली? मी काळ्या कागदाचे पाच गोल कापून हॉलच्या भिंतीवर चिकटवले. ती जिने चढून, धापा टाकत घरात शिरायची, फरशीवर पालथी पडून पोछ्याची काठी खांद्याला लावायची आणि श्वास धरायची. मी मागे उभी. "कोपर हलतंय. पुन्हा." अल बर्शाच्या मॉलमधल्या खोट्या बर्फावरही नेली. पोरगी चांगली आहे, फिलू. हेच तर दुखतं. पाय थेट तुझे. तिकडून तुझ्या जुन्या टीमच्या मॅनेजर बाईंचा फोन येतो, "फिलोमिना मॅडम की बेटी है, नाम भेज दीजिए, बाकी हम देख लेंगे." आणि त्या बघतीलही.

शनिवारी ती ट्रॅकवरून आली, स्की काढल्या आणि गाडीत न बसता बॉनेटला टेकून उभी राहिली. मी म्हटलं, "यल्ला, बस लवकर."

"मावशी, आय ॲम डन. खलास."

"आजच्यापुरतं ना?"

"नो. फॉरएव्हर."

"मग काय करणार आहेस?"

"झोपणार."

"आणि उठल्यावर?"

"डू आय हॅव टू वॉन्ट समथिंग एल्स? लगेच?" मग हातमोजे काढत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू मम्माची ती स्टोरी सांगतेस ना, राँग लेनची? दॅट्स मी, मावशी. एव्हरी मॉर्निंग. मी हिट करते, बट इट्स हर लेन."

अख्खा वर्ग एका नजरेत गप्प करणारी मी! तिच्या स्की उचलल्या, डिकीत ठेवल्या आणि गाडी सुरू केली. गाडी हायवेला लागली तेव्हा ती झोपली होती, तोंड उघडं टाकून, अगदी तुझ्यासारखी. किती महिन्यांनी तिचा चेहरा असा सैल पाहिला!

रागावू नकोस, पण तू तिला विचारलं होतंस का? तुला तर कोणी वाट दाखवली नव्हती. आई रडली, शेजारी हसले, मीही म्हटलं होतं की पोरगी वेडी झाली. सगळ्यांना झुगारून तू स्वतःचा बर्फ शोधलास. मग लेकीला आयता का देऊन गेलीस? आणि जाताना तो माझ्या हातात का दिलास? मी दिलेला शब्द मोडत नाही, हे धरूनच चाललीस! या एका गोष्टीसाठी मी तुझ्याशी भांडले असते. तू थांबली नाहीस.

आज संध्याकाळी तिला बोलावलं. "उद्या मी मॅनेजर मॅडमना 'नाही' म्हणून कळवते आहे. नंतर माझ्यापाशी रडायचं नाही."

"प्रॉमिस," म्हणाली. आणि तिथेच रडली. मी चहा टाकला.

ती झोपल्यावर भिंतीवरचे गोल काढले. इतके दिवस आपण स्वयंपाक करतो, बाहेरून वाळूची धूळ येते, भिंत कळकट झाली आहे हे लक्षातच आलं नव्हतं. कागदाखाली मात्र रंग होता तसाच राहिला. पाचही पांढरे, फिलू.

तुला दिलेला शब्द मी मोडते आहे. त्याचे दंडाचे फेरे माझे, लेकीचे नाहीत. डॉक्टर गुडघ्यांसाठी चालायला सांगतच असतात, तेव्हा रोज संध्याकाळी खालच्या बागेत ते मारीन, कुरकुर न करता, तुझ्यासारखे. आणि तुला नवा शब्द देते, हा मोडणार नाही: उद्या पहाटे या घरात गजर वाजणार नाही. तिच्यासाठी नाही आणि माझ्यासाठीही नाही.

तुझी मास्तरीण,
ब्रिजित