सामानापाशी

आई, त्या मे महिन्यात मनालीच्या वर, खिंडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आम्हाला बर्फात पाठवून तू एकटी सामानापाशी बसून राहिली होतीस. त्याबद्दल तुला लिहायचं आहे. इतक्या वर्षांत कधी लिहावंसं वाटलं नाही, कारण त्यात लिहिण्यासारखं काही आहे असंच वाटलं नव्हतं. आपल्याकडे कुणीतरी सामानापाशी बसतंच. देवळात गेलं की चपलांपाशी, समुद्रावर गेलं की कपड्यांपाशी, स्टेशनवर बॅगांपाशी. आणि आपल्या घरात ते कुणीतरी म्हणजे तू. "तुम्ही या जाऊन, मी आहे इथे," हे तू इतक्या सहज म्हणायचीस की तुला समुद्रात पाय भिजवताना मी कधी पाहिलं होतं का, हेसुद्धा आता आठवत नाही. आठवायला बसले की तू दिसतेस ती वाळूवर, मांडीवर आमचे टॉवेल घेऊन.

सहल मराठी होती, म्हणजे हिमालयात जाऊन आपलंच जेवण जेवणारी. आचारी आपल्याबरोबर, पोहे आपल्याबरोबर, आणि वाटेत एकादशी आली म्हणून त्या थंडीत मिळालेली साबुदाण्याची खिचडीही आपल्याबरोबर. बाबांनी रजा आणि एलटीसी जमवून आणली होती. बर्फ संपत आला होता. गाडीवाला म्हणत होता, "बस, आठ-दस दिन का है," आणि दादाचा आणि माझा जीव वर-खाली होत होता, पोचेपर्यंत संपला तर? रस्त्याच्या कडेला कोट आणि गमबूट भाड्याने देणाऱ्या टपऱ्या. कोटांच्या पाठीवर रंगाने आकडे काढलेले. माझा कोट टाचांपर्यंत येतो आहे, बुटात आधीच्या कुणाच्या तरी पायांचा ओलावा आहे, आणि मला त्याचं काही वाटत नाही. तू एक कोट हातात घेतेस, नाकाशी नेतेस आणि म्हणतेस, "मी नाही बाई घालणार हे दुसऱ्याच्या घामाचं." सगळी बस हसते. मग तू साडीवर स्वेटर, त्यावर शाल, कान बांधलेले, अशी टपरीशेजारच्या दगडावर बसतेस. आमचे बूट, बॅगा, बाबांचा कॅमेऱ्याचा डबा, सगळं तुझ्याभोवती. आणि आम्ही जातो. मी तर मागे वळूनही बघत नाही.

लाडवांचा रिकामा डबा मी बरोबर घेतला होता, तुझ्यासाठी बर्फ आणायला. वर पोचल्यावर पहिल्यांदा तो भरला, शाबासकी मिळावी इतका दाबून भरला, आणि बाजूला ठेवून पुन्हा घसरायला गेले. मग आणखी एकदा, मग दादाशी पैज लावून. खाली आले तेव्हा डब्यात पाणी होतं आणि तळाशी माती. तू त्यात दोन बोटं बुडवलीस. "गार आहे की गं अजून," म्हणालीस, आणि तीर्थ लावावं तशी ती बोटं दोन्ही डोळ्यांना लावलीस. "झालं. पाहिला मी बर्फ." मला ते पटलं. नऊ वर्षांच्या मुलीला असं लगेच पटतं.

त्यानंतर दोन उन्हाळे गेले आणि एका सकाळी तू स्वयंपाकघरात पाणी भरता भरता खाली बसलीस, ती उठलीच नाहीस. सगळे म्हणाले, अचानक. भेटायला येणारं प्रत्येक माणूस हाच शब्द घेऊन यायचं. मीही तोच सांभाळला, कॉलेजात, लग्न ठरताना, इथे सिंगापूरला आल्यावर नव्या मैत्रिणींना सांगताना. आई? लहानपणीच गेली. अचानक.

आता मी बुकित पंजांगला राहते, बाराव्या मजल्यावर. खिडकीतून खेळण्यातली वाटावी अशी एलआरटीची दोन डब्यांची गाडी जाताना दिसते. नोकरी हार्बरफ्रंटला, एका शिपिंग कंपनीच्या हिशेबखात्यात. तुला हे सगळं एका वाक्यात सांगून टाकलं, कारण खरी गोष्ट पुढे आहे. फेब्रुवारीत स्टेशनचा सरकता जिना दुरुस्तीला काढला होता. गाडी चुकेल म्हणून साध्या जिन्याने भराभर चढले आणि वरच्या पायरीवर डोळ्यांपुढे काळोख आला. भाजीची पिशवी घेतलेल्या एका चिनी आजीबाईंनी मला धरलं आणि "सिट, सिट, गर्ल," म्हणत तिथेच बसवलं. माझे केस पांढरे व्हायला लागलेत आणि मी गर्ल. हसूही आलं आणि रडूही.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. सोनोग्राफीसारखी हृदयाची तपासणी तारीख मिळून मार्चअखेरीला झाली. हृदयाचा स्नायू जाड झाला आहे, हे कुटुंबात चालत येतं, म्हणाल्या. आई-वडिलांपैकी कुणी कमी वयात, अचानक? मी म्हणाले, आई. त्या टाइप करत होत्या त्या थांबल्या. तुझ्या पाटल्या दादाच्या बायकोकडे गेल्या, गोठ मावशीने मोडले, आणि माझ्या वाट्याला हे आलं. गोळ्या दिल्या, चढायचं नाही, ओझं उचलायचं नाही, विमानाने जायला हरकत नाही. आणि शेवटी, मी पर्स उचलल्यावर, मुलीलाही तपासून घ्या, तोवर तिला फार दमवणारे खेळ नकोत. घरी येऊन नवऱ्याला मी माझं सगळं सांगितलं. लेकीबद्दलचं निम्मंच सांगितलं, तपासायचं आहे एवढंच. उरलेलं निम्मं तोंडातून बाहेर पडेना. लेक चौदाची आहे, शाळेच्या नेटबॉलच्या संघात नुकतीच घेतली गेली आहे, आणि संघाचा निळा टी-शर्ट धुवायला टाकायचीसुद्धा तिची तयारी नसते.

त्याच आठवड्यात मावशीला फोन केला. ऐंशीच्या घरात आहे, पण आवाज खणखणीत. विचारलं, आईला आधी काही त्रास होता का गं? तिने आधी टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "ठाऊक होतं तिला. त्या मनालीच्या आधीच डॉक्टर म्हणाले होते, उंचावर जायचं नाही, चढ चढायचा नाही. मी म्हटलं, मग नका जाऊ. तर म्हणाली, पोरांचा बर्फ राहील. भाऊजींनाही सांगितलं नाही. मला शपथ घातलीन." फोन ठेवला आणि मला आधी तुझा राग आला. रडू नंतर आलं. म्हणजे ते दुसऱ्याच्या घामाचं वगैरे नाटक होतं. म्हणजे 'अचानक' हे सगळ्यांसाठी होतं, तुझ्यासाठी नव्हतंच. तू एक शब्द बोलली असतीस तर तुला कुणी तरी वाचवायची खटपट तरी केली असती, आम्हा दोघांना वेळेवर तपासलं असतं. दादाला मी लगेच सांगितलं. त्याचं हृदय ठणठणीत निघालं. मी तुझ्याशी चार दिवस मनातल्या मनात भांडले, भांडी आपटली, आणि तेवढ्यात जपानला जायचा दिवस आला.

जपानचं आमचं कधीपासून ठरलं होतं. समोरच्या ब्लॉकमधली मैत्रीण आणि तिचा बँकेतला नवरा दरवर्षी गुड फ्रायडेची सुट्टी धरून स्कीइंगला जातात. हंगाम संपत आलेला असतो, गर्दी नसते, शिकणाऱ्यांना बरं. या वर्षी ती म्हणाली, तुम्हीही चला. नवऱ्याला रजा मिळेना, म्हणून लेक आणि मी. लेकीने बर्फ पाहिलेला नव्हता. इथे थंडीचे कपडे कुणाचे स्वतःचे नसतात, ग्रुपवर मेसेज टाकला की या घरून त्या घरी येतात. लेकीच्या जाकिटाच्या खिशात कोरियातल्या बसचं तिकीट निघालं. मी ते जाकीट नाकाशी नेलं, का कोण जाणे, आणि तुझी आठवण येऊन तिथेच लिफ्टच्या दारात उभी राहिले. रद्द करायला हवं होतं. रोज रात्री ठरवायचे, सकाळी सांगू. आणि सकाळी ती शाळेचा डबा भरताना विचारायची, आई, तिथे अजून बर्फ असेल ना? मेल्ट नाही ना होणार? पोरीचा बर्फ राहील. हे मी म्हणाले, आई. मनात म्हणाले, पण शब्द तुझेच.

डोंगराच्या पायथ्याशी एक लाकडी बाक होतं. सकाळी बर्फ कडक होता, उन्हाने डोळे दिपत होते, खालच्या झाडांना बारीक कोंब फुटले होते. मैत्रीण म्हणाली, "अगं, घाल तरी बूट. इतक्या लांब आलीस ती काय बॅगा राखायला?" आणि माझ्या तोंडून आलं, "तुम्ही या जाऊन, मी आहे इथे." बाकावर सगळ्यांची जाकिटं, पासपोर्टांची पिशवी, थर्मास. लेक नवशिक्यांच्या उतारावर गेली. पडली, उठली, पुन्हा वर. लांबून ती लाल टोपीएवढीच दिसत होती. टोपी उभी असली की मी श्वास घेत होते, टोपी आडवी झाली की थांबत होते. तेव्हा मला कळलं, त्या दगडावर तू काय करत होतीस. मला आजवर वाटायचं, तू बर्फ बघत बसली असशील.

दुपारी बर्फ मऊ झाला. ती आली, गाल लाल, धापा टाकत, हात छातीवर ठेवून हसत. "आई, इट्स लाइक आइस कचांग!" आमच्याकडच्या हॉकर सेंटरमधला, म्हणजे खाऊगल्लीतला, सरबत घातलेला किसलेला बर्फ, तो तिचा आवडता. छातीवरचा तो हात मी धरून खाली घेतला. ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "यू ऑलवेज सिट विथ द बॅग्ज. कम वन टाइम लाह." मला सोपं होतं. बर्फ विरघळायला लागलाय, आता पुरे, उद्या बघू, असं म्हणता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. मी म्हणाले, "मला वर येता येत नाही. बस इथे."

मग सांगितलं सगळं. माझं, तुझं, डॉक्टरांनी तिच्याबद्दल सांगितलेलं ते उरलेलं निम्मंही. ती हातमोज्यांची बोटं एकेक करून ओढत होती. "आजीपण?" "हो." "अँड मी?" "माहीत नाही. गेल्यावर तपासू." "नेटबॉल?" मी थर्मासचं झाकण घट्ट केलं. मग ती ओरडली, बाकीच्या लोकांनी वळून पाहिलं इतक्या जोरात, "देन व्हाय यू ब्रिंग मी हिअर?" मी म्हणाले, "तू बर्फ पाहिला नव्हतास गं." ती माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मी परकीच कुणी आहे. मी तुझ्यावर भांडी आपटली होती, आई. तिच्या हाताशी आपटायला काही नव्हतं. तिने पायातल्या बुटांचे बंद सोडले, ते बूट बाकाखालच्या चिखलात ठेवले आणि माझ्या शेजारी बसली.

पुन्हा वर गेली नाही. मैत्रिणीने बोलावलं, तर म्हणाली, पाय दुखतोय. दुसऱ्या दिवशीही आम्ही दोघी त्याच बाकावर होतो, मध्ये थर्मास. ती माझ्याशी फारसं बोलली नाही. दुपारी कधीतरी तिचं डोकं माझ्या दंडाला टेकलं, ऊन लागत होतं म्हणून असेल. मी हलले नाही, हाताला मुंग्या आल्या तरी.

परत येऊन तिची तपासणी झाली. रिपोर्ट परवा मिळणार आहे. आज रविवार आहे, ती समोर बसून गणितं सोडवते आहे आणि निळा टी-शर्ट धुऊन गॅलरीत बांबूवर वाळतो आहे. तो तिने आपण होऊन धुवायला टाकला. मला ते बघवत नाही. म्हणून मी तुला लिहायला बसले.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. एकच वाक्य लिहायचं होतं. तू सांगितलं असतंस तर मीही तुझ्यापाशी बसले असते, असं तुला ऐकवायचं होतं, तुला लागेल अशा आवाजात. पण समोर ही पोर बसली आहे आणि तिच्यादेखत खोटं लिहवत नाही. ती बसली, मी बसले नसते. नऊ वर्षांची होते आणि समोर बर्फ दिसत होता. तू सांगितलं असतंस तरी मी पळालेच असते, आई. डबा घेऊन थोडी लवकर आले असते, एवढंच.